कडेवरचं मूलही ऐकत असतं

(महिला समुपदेशन केंद्रांतल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर. उल्लेखलेल्या मायलेकरांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आपल्या केंद्रात बाई येते ती बहुतेकदा एकटी येत नाही. एक कडेवर असतं, एक पदर धरून उभं असतं. आपण तिला पाणी देतो, बसवतो आणि विचारायला लागतो. कधीपासून मारतो? कशानं मारतो? शेवटचं कधी मारलं? हे विचारावंच लागतं, त्याशिवाय अर्ज होत नाही. पोराच्या हातात आपण बिस्किटाचा पुडा नाहीतर खडू देतो. कुणीतरी म्हणतंच, "लहान आहे, त्याला काय कळतंय!"

आज मी या एका वाक्याविषयी बोलणार आहे. कारण हे वाक्य खरं नाही, हे आपल्यातल्या प्रत्येकीला आतून माहीत आहे. बाप दारू पिऊन आला की दीड वर्षाचं पोर रडायचं थांबतं, हे आपण ऐकलेलं आहे. बोलायला लागलेलं मूल अचानक मुकं होतं. अंथरूण ओलं करणं थांबलेलं असतं, ते पुन्हा सुरू होतं. मूल रात्री दचकून उठतं, आईला क्षणभर सोडत नाही किंवा तिलाच चावतं, मारतं. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, पोरानं धसका घेतलाय. मग दृष्ट काढतात, गंडा बांधतात. उपाय काहीही असो, त्यांचं निदान बरोबर असतं. 'धसका' हा शब्द आपल्या भाषेत होताच. आपण कार्यकर्त्यांनीच तो आपल्या कामात आणला नाही.

का आणला नाही, याचं कारणही आपण नीट पाहायला हवं. मुलाच्या मनाची भाषा बोलणाऱ्या तज्ज्ञांबद्दल आपल्या मनात अढी आहे आणि ती उगाच नाही. मूल बिघडलं की आईला धरायचं, हा रिवाज दवाखान्यातही चालत आला. आई फार लाड करते, आई नोकरी करते, आई थंड आहे. मारणारा बाजूला राहतो आणि मार खाणारीला पालकत्वाचे धडे मिळतात. म्हणून आपण ठरवलं की आधी बाईला न्याय मिळू दे, ती उभी राहिली की मूलही उभं राहील. यात तथ्य आहे, पण ते पुरेसं नाही. बाई उभी राहते, कोर्टात जाते, वेगळी खोली घेते. आणि त्या खोलीत दोन भेदरलेली माणसं एकमेकांकडे पाहत बसतात.

मग मुलाला हात घालायचा आणि आईला दोषी ठरवायचं नाही, असं काही करता येतं का? येतं. त्याची सुरुवात जिनं केली ती आपल्यासारखीच समाजकार्याची पदवी घेतलेली बाई होती. तिचं नाव सेल्मा फ्रायबर्ग. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात ती अगदी तान्ह्या बाळांवर आणि त्यांच्या आयांवर एकत्र उपचार करत होती. पुष्कळदा ते काम घरी जाऊन, स्वयंपाकघरात बसून चालायचं. १९७५ साली तिनं दोन सहकारी बायकांबरोबर एक लेख लिहिला. त्यात एक आई आहे. बाळ टाहो फोडून रडतंय आणि तिला ते जणू ऐकूच येत नाही. बाहेरून पाहणारा म्हणेल, काय दगडाची बाई! फ्रायबर्गच्या गटानं वेगळा प्रश्न विचारला : या बाईचं रडणं कधी कुणी ऐकलं होतं का? उपचार करणारीनं तिला तिच्या लहानपणाबद्दल बोलू दिलं, रडू दिलं. टाकून दिलेल्या लहान मुलीचं ते दुःख होतं. ते कुणीतरी ऐकल्यावर तिला बाळाचं रडणं ऐकू यायला लागलं, तिनं त्याला छातीशी धरलं. मला वाटतं, या एका गोष्टीत आपल्या कामाचा सगळा अर्थ आहे. आईचं ऐकणं आणि मुलाचं ऐकणं ही दोन वेगळी कामं नाहीत.

फ्रायबर्ग पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयात गेली आणि १९८१ मध्ये वारली. त्याच रुग्णालयात अलिसिया लिबरमन आणि पॅट्रिशिया व्हॅन हॉर्न यांनी हे काम थेट हिंसेशी जोडलं. जन्मापासून पाच वर्षांपर्यंतची मुलं आणि त्यांना सांभाळणारं माणूस, दोघांवर एकत्र उपचार अशी ती पद्धत आहे. सांभाळणारी आई असेल, आजी असेल, मावशी असेल. २००५ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नाव मराठीत सांगायचं तर 'माझ्या आईला मारू नका' असं आहे. त्याच वर्षी त्यांनी चंद्रा घोष इप्पन यांच्यासह एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवऱ्याची मारहाण मुलांनी पाहिली आहे अशा ७५ आया आणि त्यांची तीन ते पाच वर्षांची मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला वर्षभर, दर आठवड्याला हा एकत्र उपचार. दुसऱ्या गटाला नेहमीची मदत आणि बाहेरच्या उपचारांची वाट दाखवणं. पहिल्या गटातल्या मुलांचा त्रास दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाला. आयांचाही घडलेल्या गोष्टीपासून पळण्याचा त्रास कमी झाला.

आता प्रशिक्षणाकडे येते, कारण माझा खरा मुद्दा तो आहे. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे दोन दिवस हॉल घ्यायचा, तज्ज्ञ बोलवायचे, फाइल आणि पेन वाटायचं, शेवटी फोटो. या पद्धतीचं प्रशिक्षण दीड वर्षाचं असतं. शिकणारी एकटी येत नाही, संस्थेतला गट येतो आणि त्यात त्यांची वरिष्ठही असते. कार्यशाळा असतातच, पण त्यांच्या मधल्या काळात ती प्रत्यक्ष कुटुंबांबरोबर काम करते आणि शिकवणाऱ्यांशी नियमित फोनवर त्या कामाची चर्चा होते. दीड वर्ष कशाला लागतं? कारण इथे माहिती शिकायची नसते, सवयी मोडायच्या असतात.

पहिली सवय म्हणजे गप्प बसण्याची. मुलासमोर तो विषय नको, असं आपण म्हणतो. मुलाला मात्र वाटतं की जे घडलं ते इतकं भयंकर आहे की मोठी माणसंही त्याचं नाव घेत नाहीत. कदाचित ते माझ्यामुळेच घडलं असेल. उपचार करणारीला शिकावं लागतं की आईशी आधी बोलून, तिच्या संमतीनं आणि तिच्याबरोबर, मुलाला साध्या शब्दांत खरं सांगायचं. तीन गोष्टी सांगायच्या : तू काय पाहिलंस, तेव्हापासून तुला काय होतं, आणि आपण इथे कशासाठी भेटतो.

दुसरी सवय म्हणजे बाजू घेण्याची. मूल आईला मारतं तेव्हा आपण एक तर मुलाला दटावतो, नाहीतर आईला शिकवतो. इथे दोघांमधली दुभाषी व्हावं लागतं. मुलाच्या वागण्याचा अर्थ आईला सांगायचा आणि आईचा राग, तिची थकवट मुलाला कळेल अशी सांगायची.

तिसरी सवय स्वतःला विसरण्याची. असं काम करताना आपल्याही घरातलं काही वर येतं. म्हणून तिथे वरिष्ठ व्यक्तीबरोबर ठरलेल्या वेळी बसणं हा कामाचाच भाग धरला जातो. ही बैठक हिशेब देण्याची नसते. आज त्या पोराला पाहून तुला काय झालं, हे बोलण्याची ती जागा असते.

मी हे दीड वर्षाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं नाही. एका बालमानसतज्ज्ञ मैत्रिणीबरोबर ही पुस्तकं वाचते आणि तिच्या देखरेखीखाली काही कुटुंबांसोबत काम करते. त्यातलं एक सांगते.

चार वर्षांचा मुलगा. बाहेर मोटरसायकल थांबली की टेबलाखाली जायचा. आईला चावायचा. आई म्हणायची, "अगदी बापावर गेलाय." हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! मुलाच्या जागी तिला तो माणूस दिसत असतो. असं बोलू नका, हे सांगून काही होत नाही. आम्ही तिला एकटीला भेटत राहिलो. काही भेटींनंतर तिनं सांगितलं की तिचा बाप पिऊन आला की ती भावंडांना घेऊन कणगीमागे लपायची. त्या दिवसांत कुणाचा आधार होता, हे मुद्दाम विचारलं. या पद्धतीत दुःखाइतकंच मायेच्या आठवणीला महत्त्व आहे. ती म्हणाली, आत्या. आत्या रात्री येऊन तिला आपल्या कुशीत झोपवायची. बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, "म्हणजे हाही लपतोच की. मला वाटायचं, नाटक करतो."

मग आम्ही मुलाला सांगितलं. बाबा आईला मारत होते ते तू पाहिलंस. तुला खूप भीती वाटली. तेव्हापासून गाडीचा आवाज आला की तू लपतोस. तुला बरं वाटावं म्हणून आई आणि मी तुझ्याबरोबर इथे खेळणार आहोत. त्यानं एकदम आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "हो रे राजा, खरं आहे ते."

खेळण्यांमध्ये आम्ही मुद्दाम बाहुल्या, पोलिसांची जीप, डॉक्टरचं सामान आणि चूलबोळकी ठेवतो. काही आठवडे तो बापाच्या बाहुलीला जीपमध्ये कोंबायचा. एक दिवस त्यानं ती बाहुली बाहेर काढली आणि तिला बोळक्यातून भात भरवला.

मैत्रिणींनो, कार्यकर्तीला हा क्षण जड जातो. त्या माणसाविरुद्ध आपण केस लढवत असतो आणि त्याचं पोर त्याला जेवू घालत असतं. पण मूल ज्याला घाबरतं त्याच्यावर त्याची मायाही असू शकते. ती माया मान्य केली म्हणजे मारहाण माफ झाली असं नाही. आणि मुलाला बाप आठवतो म्हणून आईनं परत नांदायला जावं, असा निकाल कुणी काढत असेल तर तिथे आपण ठाम उभं राहायचं. सुरक्षितता आधी, उपचार तिच्या आधारावर. मार चालू असताना मुलाला 'घाबरू नकोस' म्हणणं ही फसवणूक आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, संरक्षण आदेश, मुलाचा तात्पुरता ताबा ही सगळी मुलाच्या उपचाराचीही पहिली पायरी आहे.

त्या मायलेकरांची केस अजून कोर्टात आहे. मुलगा बहुतेक रात्री झोपतो. 'बापावर गेलाय' हे वाक्य आईच्या तोंडी अजून येतं, पण ती ते अर्ध्यावर तोडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. त्या घरांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांचा विचार करा. त्यांच्यापर्यंत मूठभर शहरी तज्ज्ञ पोचणार नाहीत. पण आपण आधीही असं काम उभं केलं आहे. १९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हा पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्ती बसेल असं कुणाला वाटलं होतं? २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' यांनी 'दिलासा' केंद्र सुरू केलं, तेव्हा हिंसा हा दवाखान्याचा विषय आहे हे पटवावं लागलं होतं. त्या जागांमध्ये आता मुलासाठीही जागा हवी.

म्हणून आपल्या मागण्या मी मांडते. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक गट असा हवा, जो आई आणि लहान मूल या दोघांवर एकत्र उपचार करायला शिकलेला आहे. त्याचं प्रशिक्षण दोन दिवसांचं नको, प्रत्यक्ष कामासह दीर्घ मुदतीचं आणि मराठीत हवं. शिकणाऱ्यांना वर्षाच्या कंत्राटावर ठेवू नका. विश्वास बसायला लागतो तेव्हा ताई बदलली, तर मुलाला ते आणखी एक माणूस गेल्यासारखं असतं. आणि देखरेखीचे तास पगारात धरा.

तोवर आपल्याला तीन गोष्टी करता येतात. आई बोलत असताना मुलाला दुसऱ्या कुणाजवळ खेळवा, पण आई त्याला दिसेल असं बसवा. जाण्यापूर्वी त्याच्या उंचीला वाकून त्याला त्याच्या नावानं हाक मारा आणि आई इथे कशाला आली होती ते एका वाक्यात सांगा. आणि केसपेपरवर मुलाचं नाव व वय लिहितो, त्याखाली एक ओळ आणखी ठेवा : मूल कसं झोपतं, कसं जेवतं, कशाला घाबरतं. आईला हे विचारताना तिच्या चुका शोधतोय असं वाटता कामा नये. तिच्याइतकं त्या मुलाला ओळखणारं दुसरं कुणी नाही, म्हणून तिला विचारायचं.

आपण बाईला म्हणतो, तू बोल, आम्ही ऐकतो. तिच्या कडेवरच्यालाही हे म्हणायची वेळ आली आहे.