डंख किती वाजता झाला?

(बीड येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संशोधन म्हटले की आपल्याला पुण्या-मुंबईची मोठी रुग्णालये आठवतात. पण तातडीच्या उपचारांबद्दल जगाला शिकवणारे एक संशोधन खेड्यापाड्यात झाले. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावून तिथे धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत होती. डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसले. डंख कधी झाला, घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, नाडी किती, रक्तदाब किती, सगळे लिहीत गेले. त्यातून धोक्याची लक्षणे हाती आली आणि १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. विषाने रक्तदाब एकदम चढतो, हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते. म्हणून त्यांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी शंभरात तीसच्या आसपास मरत. ते प्रमाण चारच्याही खाली आले. २०११ साली त्यांनी ७० रुग्णांवर चाचणी करून दाखवले की, गोळीच्या जोडीला विंचूविरोधी लस दिली तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो.

हे सगळे उभे राहिले ते वेळेच्या नोंदीवर.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. लेकराबाळांसह माणसे फडाजवळ कोपी घालून जमिनीवर झोपतात. मण्यार रात्रीच चावते. धड सूज नाही, धड खूण नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात आणि घरचे म्हणतात, काहीतरी बाधले असेल. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे गेल्याचा अंदाज आहे. त्यात बहुतेक आपल्यासारखी, खेड्यातली. केंद्र सरकारने २०२४ मध्ये कृती आराखडा काढून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे ठरवले आहे. आराखडा दिल्लीत झाला तरी माणूस वाचणार की नाही, हे बांधावर आणि कोपीत ठरते.

आपण तीन गोष्टी करू शकतो.

पहिली, दंश झाला की दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही. हातपाय न हलवता रुग्णाला थेट दवाखान्यात न्यायचे आणि १०८ ला फोन करायचा. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

दुसरी, सोबत जाणाऱ्याने वेळ सांगायची. डंख किती वाजता, पहिले लक्षण किती वाजता. डॉक्टर रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही, तर घोणसासारख्या सापाचे विष भिनल्याचे कळते. त्या वीस मिनिटांत आरडाओरडा करू नका.

तिसरी, पावसाळ्याआधी आपापल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारायचे : सर्पदंशाची लस किती आहे? रात्री डॉक्टर कोण असतो? हा प्रश्न मशिदीच्या जमातीनेही विचारावा, मंदिराच्या मंडळानेही आणि ग्रामसभेनेही. साप कोणाची जात-पात विचारून चावत नाही.

उसाच्या टोळ्या निघण्याआधी प्रत्येक मुकादमाच्या फोनमध्ये फडाजवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर असला पाहिजे. हे काम आपले आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.