पानाचं बी कसं ओळखलं

पावसाळ्यात घाटात नेच्याचं पान उलटून पाहिलंत, तर मागं तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतात. त्यात असतात बीजाणू. नेच्याला फूल नाही, बी नाही. दगडी कोळशाच्या थरांत नेच्यासारखी पानं सापडली, तेव्हा बहुतेकांनी ती नेच्याचीच मानली. खटकायचं एवढंच, की त्यातल्या कित्येक पानांमागं हे ठिपके मिळतच नव्हते.

याचा उलगडा इंग्लंडमध्ये झाला. लँकेशायरच्या खाणींत कोळशाच्या थरात चुनखडीचे कठीण गोळे मिळत. खाणवाल्यांना ती अडगळ. पण त्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतीची पेशी न् पेशी दिसते. त्यात एक बी होतं, जेमतेम साडेपाच मिलिमीटरचं. शेंड्याला परागकण धरून ठेवणारी इवलीशी सुरई. वांग्याच्या देठाशी असते तशी टोपी त्याभोवती होती, पण जवळजवळ सगळं बी झाकणारी. आणि त्या टोपीवर टाचण्या टोचाव्यात तशा ग्रंथी: बारीक दांडी, वर गोल डोकं.

फ्रान्सिस ऑलिव्हर आणि ड्युकिनफील्ड स्कॉट यांनी हुबेहूब त्याच ग्रंथी लायजिनोप्टेरिस या ‘नेच्या’च्या खोडावर आणि पानांवर पाहिल्या होत्या. तिथल्या दुसऱ्या कुठल्याच वनस्पतीवर त्या नव्हत्या. पानाला लागलेलं बी हाती नसतानाही १९०३ मध्ये त्यांनी ठामपणे सांगितलं, हे बी याच झाडाचं. मला हे धाडस फार मोठं वाटतं. पुढच्याच वर्षी रॉबर्ट किडस्टन यांना दुसऱ्या एका जातीचं बी पानाला लागलेलंच मिळालं. ‘बीजी नेचे’ हा लुप्त वनस्पतींचा गट असा उजेडात आला.

आपल्या कामठीच्या दगडांतही जिभेच्या आकाराची पानं आहेत, ग्लोसोप्टेरिसची. नागपूर भागातल्या अशा पानांचं वर्णन १८६१ मध्येच छापून आलं. हाही नेचा नव्हेच. पण पानाला नाव मिळालं १८२८ मध्ये, आणि पानालाच जोडलेले बीजधारी अवयव एडना प्लमस्टेड यांनी दक्षिण आफ्रिकेतून जगापुढं आणले ते १९५२ मध्ये. तेव्हा कामठीचं पान कधी हाती आलं, तर नुसता आकार पाहून खाली ठेवू नका. मधल्या शिरेवर आणि देठावर काही चिकटल्याची खूण आहे का, तेही पाहा.