जुन्या पॅंटींची गोधडी आणि तिची किंमत

आजच्या गप्पा जुनेराबद्दल आहेत. फाटकी पॅंट, विटलेलं लुगडं, खताची रिकामी गोणी, असं आपण ज्याला टाकाऊ म्हणतो ते सगळं जुनेर. त्यातून गोधडी होते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण अशीच गोधडी मोठ्या संग्रहालयाच्या भिंतीवर चित्रासारखी टांगली गेली, तर? अमेरिकेतल्या एका खेड्यातल्या बायकांच्या बाबतीत हे घडलं आहे.

त्या देशाच्या दक्षिणेला अलाबामा नावाचं राज्य आहे. तिथे नदीच्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेलं गीज बेंड हे गाव आहे. गावातली माणसं काळ्या वर्णाची. त्यांच्या वाडवडिलांना तिथल्या कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबवलं गेलं. मळेवाल्याचं पेटवे हे आडनाव आजही तिथल्या कितीतरी घरांना आहे. गुलामी गेली तरी गरिबी राहिली. घराच्या फटींतून थंडी आत यायची. मग बायका हाताला येईल ते जोडून जाड पांघरुणं शिवायच्या. त्यात पिठाच्या आणि खताच्या पिशव्या असत, शेतात घालायच्या जीनच्या पॅंटी असत.

या पॅंटींची एक गंमत पाहा. गुडघ्याचं कापड घासून फिकं झालेलं असतं. खिसा उसवला, की त्याखालचा तुकडा मात्र गर्द निळा निघतो. बाईने हे गर्द आणि फिके तुकडे शेजारी शेजारी लावले, की रंग विकत न आणताच नक्षी उमटते. कापड थोडं, तुकडे वेडेवाकडे, म्हणून जुळवणीही जिची तिची वेगळी.

१९४२ सालची एक गोधडी आहे. मिसूरी पेटवे यांचे पती वारले. त्यांचे शेतात घालायचे कपडे मिसूरीबाईंनी फाडले आणि त्यांची गोधडी शिवली. नवऱ्याची आठवण राहावी, त्याच्याच कपड्यांची ऊब अंगावर घेता यावी, म्हणून. मैत्रिणींनो, आपल्याकडेही आजीच्या लुगड्याची गोधडी उशाशी ठेवणारी माणसं आहेतच की!

या बायकांची लढाई फक्त थंडीशी नव्हती. १९६०च्या दशकात गावकरी मतदानाचा हक्क मागू लागले, तेव्हा १९६२ साली नदीवरची नाव बंद करण्यात आली. तालुक्याच्या गावी जायला तासाभराचा वळसा पडू लागला. ती नाव पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं! मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून कुणाचं काम गेलं, कुणाची राहती जागा गेली. अशा वेळी, १९६६ साली, गीज बेंड आणि आसपासच्या बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. तिचं नाव फ्रीडम क्विल्टिंग बी. आपल्या बचत गटाची बहीणच म्हणा. पुढे संस्थेने स्वतःची जागा घेऊन शिवणकामाची इमारत बांधली.

शहरातल्या दुकानांच्या मागण्या येऊ लागल्या. पण दुकानाला प्रत्येक नग एकसारखा हवा असतो. १९७२ साली एका मोठ्या कंपनीकडून कॉर्डुरॉय या जाड, रेघारेघांच्या कापडाचे उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. संस्थेत बायका ठरल्या मापाचे अभ्रे शिवत. उरलेली कातरणं घरी नेत आणि त्यांतून आपल्या मनाच्या गोधड्या करत. मजुरी अभ्र्यांनी दिली, पण पुढे लोकांनी नावाजल्या त्या कातरणांच्या गोधड्या.

२००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कला गेलं. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने या गोधड्यांची चित्रं तिकिटांवर छापली. संस्थेच्या सुरुवातीला दहा डॉलरला एक अशी घेतली जाणारी गोधडी आता हजारो डॉलरना जाऊ लागली.

मग पैसा कुणाकडे गेला? हाच खरा प्रश्न आहे. आमच्या कामाचा आणि आमच्या नक्षीचा योग्य वाटा आम्हाला मिळाला नाही, असं म्हणत गावातल्या काही बायका २००७ साली कोर्टात गेल्या. पुढच्या वर्षी तो वाद मिटला. पण एक गोष्ट आपण गाठीला बांधून ठेवावी. गोधडी विकणं वेगळं आणि तिची नक्षी वापरायला देणं वेगळं. गोधडी एकदाच विकली जाते. नक्षी मात्र पिशवीवर, चादरीवर, कागदावर कितीही वेळा छापता येते.

म्हणून आपल्या गटांत चार गोष्टी करूया. गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात शिवणारीचं नाव, गाव आणि साल दोऱ्याने घालूया. विकण्याआधी तिचा फोटो काढून ठेवूया. किती दिवस बसलो ते वहीत लिहूया. जुनेर फुकट असलं तरी आपले दिवस फुकट नाहीत, भाव ठरवताना ते धरायचे. आणि कुणी नक्षी मागितली तर कशासाठी, किती नगांसाठी आणि किती पैशांना, हे कागदावर घेऊनच सही करूया. कागद वाचता येत नसेल तर गटात मोठ्याने वाचून घ्यायचा, त्यात लाज कसली?

हे तोंडाने बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात घरचीच माणसं म्हणतात, चिंध्यांना कोण पैसे देणार? त्यांना गीज बेंडची ही गोष्ट जरूर सांगा. तिथल्या बायकांकडेही चिंध्याच होत्या. कुठला तुकडा कुठे बसवायचा, हे ठरवणारी नजर मात्र त्यांची होती. तशी नजर आपल्याकडेही आहे, आणि मोल तिचं आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक जुनी गोधडी आणावी. ती कुणी शिवली, कुणाच्या कपड्यांची शिवली, हे एकमेकींना सांगावं आणि वहीत उतरवावं. ती नावं लिहून ठेवायला आपल्याशिवाय दुसरं कोण येणार आहे?