जलसंजीवनी आणि बनगावची छावणी
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. तथापि डॉ. दिलीप महालनबीस यांच्या कार्यात आपल्यासारख्या संस्थेच्या हिशेबाचाही भाग आहे, म्हणून हे धाडस.

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरील बनगाव येथे पटकीची साथ उसळली. रुग्णालयाच्या दोन खोल्यांत रुग्ण जमिनीवर पडलेले. सलाईन अपुरे, आणि ते शिरेतून लावू शकणारे पथकात दोघेच. ही लढाई आपण हरत आहोत, हे महालनबीस यांनी ४८ तासांत ओळखले.

उरलेले सलाईन अत्यवस्थांसाठी राखून त्यांनी इतरांना तोंडावाटे द्रावण देण्याचे ठरविले: १ लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. (हे तेव्हाचे प्रमाण, आजच्या पुडीचे सूत्र वेगळे आहे.) ग्लुकोजच्या साहाय्याने आतडे मीठ व पाणी शोषून घेते, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते, रुग्णालयांत त्याची पडताळणीही झाली होती. परंतु प्रशिक्षित हातांविना, छावणीतील चिखलात ते चालेल, यावर अनेक तज्ज्ञांचा विश्वास नव्हता. कोलकात्यात पुड्या भरल्या गेल्या, द्रावण पिंपांत ठेवले गेले आणि पाजण्याचे काम सोपविले नातेवाइकांवर. ज्यांना आपण भेटीची वेळ संपताच वॉर्डाबाहेर काढतो, त्यांच्यावर. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले.

महालनबीस यांचा जन्मही त्याच पूर्व बंगालमधला, १९३४ चा. पुढे त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेत व ढाक्यातील अतिसार संशोधन केंद्रात काम केले. २०२२ मध्ये ते निवर्तले; २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. कोलकात्यातील ज्या बालरुग्णालयात त्यांच्या सेवेचा आरंभ झाला, त्याला त्यांनी १ कोटी रुपये दिले होते.

यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, पुडीवर नाही. हे मी हिशेबनीस म्हणून जाणतो. आपल्या बालरुग्ण विभागात मातांना जलसंजीवनी करून दाखविणाऱ्या परिचारिकेचे वेतन आजवर ‘किरकोळ खर्चा’तून भागविले जाते. त्यासाठी स्वतंत्र खर्चशीर्ष मंजूर व्हावे, हा प्रस्ताव मी आज सभेपुढे ठेवीत आहे.