चावी कोणाकडे?

 संमेलनाध्यक्षाने वर्षभरातल्या युवाकार्याचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. कार्यवाहांचा छापील अहवाल आपल्या पिशवीत आहे, तो सवडीने वाचावा. मला दुसरंच बोलायचंय, आणि ते बरीच वर्षं पोटात राहिलंय.

आपली युवा केंद्रं वस्तीत असतात, वस्तीची नसतात. दहाला उघडतात, सहाला बंद. पोरं कामावरून, क्लासमधून सुटतात सातला. तेव्हा दाराला कुलूप! दिवसा यायचं, तर आधी नाव, वय, मोबाइल, आधार. 2014च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवकाचं वय 15 ते 29 आहे, म्हणून धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेली मुलगी दारातूनच परत. का, तर कंपनी कायद्याच्या कलम 135 खालचा, सीएसआरचा पैसा मार्चअखेर खर्ची पडायचा असतो आणि अहवालाला लाभार्थ्यांची यादी जोडायची असते. यादी देणगीदाराकडे पोचते. शेजारी मात्र विचारतोच, ‘इथं नक्की चालतं तरी काय?’

केंद्रात सीसीटीव्ही हवा की नको, यावर कालची सगळी सकाळ गेली. माझ्या केंद्रात काय घडलं ते सांगतो. समोरच्या खोलीतल्या मावशी वैतागल्या होत्या. कॅरमची खटखट, शिव्या, वर पोरं पावडरीचे हात धुणार ते त्यांच्या नळावर. प्रकरण नगरसेवकापर्यंत जायच्या बेतात होतं. मी केंद्राची चावीच नेऊन त्यांच्या हातात दिली. म्हटलं, ‘संध्याकाळी तुम्ही उघडायचं, तुम्हीच बंद करायचं.’

‘आणि कुणी शिवी दिली तर?’

‘बोर्ड उचलून तुमच्या घरात.’

मावशी दारात खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसू लागल्या. शिव्या थांबल्या नाहीत, आवाज तेवढा खाली आला. पण मुली यायला लागल्या! पत्रकं वाटून, समुपदेशक नेमून आम्हाला जे साधलं नव्हतं, ते झालं. आयांचा भरवसा आमच्या संस्थेवर कधी नव्हताच, मावशींवर होता. कॅमेऱ्याला हे जमेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो खुशाल लावावा.

यात मी नवं काही सांगत नाही. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी 1920च्या दशकात मुंबईत नागपाडा नेबरहूड हाऊस उभं केलं. 1936 साली देशातली समाजकार्याची पहिली शाळा, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, भरली ती तिथेच. म्हणजे आपला व्यवसाय शिकला मोहल्ल्यात. पुढे संस्था देवनारला गेली. त्याच नागपाड्यातले अब्बास मुंतसिर बास्केटबॉलमध्ये भारताचे कर्णधार झाले. त्यांचा लाभार्थी क्रमांक किती होता, असं कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता कामं. केंद्रांच्या वेळा बदलाव्यात. व्यवस्थापनात गल्लीतली माणसं घ्यावीत, नगरसेवकाची नव्हेत. हजेरीपटाचंही काहीतरी करायला हवं, ते एखादी उपसमिती बघेल. चावीचा ठराव मात्र मी स्वतः दुपारी मांडणार आहे. विमा, जबाबदारी, लेखापरीक्षण या हरकती मला तोंडपाठ आहेत. विरोध करणाऱ्यांनी पोटभर जेवून यावं. मी लवकर खाली बसणार नाही.