ताटातला हिशोब
(मानोरा येथे तरुण-तरुणींसमोर केलेले भाषण)



मार्च 2015 मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. त्या कायद्याबद्दल आपलं मत काहीही असो, मजुरी करणाऱ्या अनेक घरांतलं स्वस्त प्रथिन तेव्हा गेलं. मटण रोज परवडत नाही. म्हणजे आठवड्यातले बरेच दिवस आपण शाकाहारीच असतो. मग तो शाकाहार तरी नीट असावा.

रेशनचं माणशी 5 किलो धान्य 2023 पासून मोफत आहे. त्यानं पोट भरतं, पण नुसत्या भात-पोळीनं अंगात ताकद येत नाही. आपल्या शिवारात तूर, हरभरा, सोयाबीन पिकतं. 100 ग्रॅम डाळीत 20 ग्रॅमच्या वर प्रथिन असतं, सोयाबीनमध्ये 35च्या वर. मी 10 किलो गव्हात 1 किलो भाजलेलं सोयाबीन घालून दळून आणतो. सोयाबीन कच्चं मात्र खाऊ नये. भाजीवर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको. लोह अंगी लागतं. बी-12 डाळ-भाजीत नसतं, त्यासाठी दूध-दही लागतंच. चालत असेल तर अंडं घ्या.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळलं. आपल्या घरांत अम्मी आणि बहीण शेवटी जेवतात. तोवर वरण पातळ झालेलं असतं. डाळ महाग आहे, हे खरं. पण आहे ती सारखी वाढायला पैसा लागत नाही. आज रात्रीपासून सगळे एका दस्तरखानावर बसा.