पासबुकातील अनोळखी ओळ

(साक्षरता वर्गाच्या संध्याकाळच्या बैठकीत केलेले भाषण)



आज पुस्तक मिटून ठेवा. आज आपण पासबुक वाचणार आहोत.

आपल्या वर्गातील एक मावशी गेल्या महिन्यात पासबुक घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांची हकिगत त्यांच्या परवानगीनेच सांगतो. नाव मात्र सांगत नाही. मावशी चार घरी स्वयंपाक करतात. शिवणयंत्रासाठी त्यांनी कर्ज काढले आहे. त्याचा 1,850 रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेस खात्यातून आपोआप कापला जातो. सप्टेंबरात तो कापला गेला नाही, कारण खात्यात 1,710 रुपयेच होते. एकशेचाळीस रुपये कमी पडले. हप्ता परत गेला म्हणून बँकेने 590 रुपये दंड लावला. कर्ज देणाऱ्यानेही लावला, तो निराळा.

मावशी म्हणाल्या, “बाई, मी हिशेबानं पैसे ठेवते. किराणा नि गिरणी सोडून कुठं गेले नाहीत. मग कमी कसे पडले? कुणी काढले?”

‘कुणी काढले’ हा प्रश्न मावशींनी घरात आधीच विचारला होता. फोन हाताळणारी घरात एकच, बारावीतली मुलगी. पिनही तिलाच ठाऊक. मावशींनी फोन कपाटात ठेवून कुलूप लावले आणि मुलीशी आठ दिवस बोलल्या नाहीत. मुलगी रडून सांगत होती, मी काही घेतले नाही. आणि ते खरेच होते, निदान तिच्या समजुतीप्रमाणे.

आम्ही पासबुक उघडले. आता तुम्हीही आपापले उघडा. उभे रकाने पाहा. पहिला तारखेचा. दुसरा तपशिलाचा. मग नावे, मग जमा, शेवटी शिल्लक. ‘नावे’ म्हणजे खात्यातून गेले, ‘जमा’ म्हणजे आले. काही बँका तेथे इंग्रजीत ‘डीआर’ आणि ‘सीआर’ छापतात. डीआर म्हणजे नावे. एवढी दोन जोडाक्षरे ओळखता आली तरी अर्धे काम झाले.

तपशिलाचा रकाना अरुंद असतो, म्हणून तेथे नाव पुष्कळदा अर्धेच छापले जाते. मावशींच्या पासबुकात एका ओळीत ‘यूपीआय’, पुढे बारा आकडी क्रमांक आणि पुढे तुटलेली इंग्रजी अक्षरे होती. तो बारा आकडी क्रमांक फार कामाचा. तक्रार करताना तोच सांगावा लागतो. आणि नाव अर्धे असले तर शाखेत जाऊन खात्याचा उतारा, म्हणजे स्टेटमेंट, मागावे. त्यात तपशील अधिक सापडतो.

मग आम्ही बोट ठेवून मागे मागे गेलो. 17 ऑगस्ट, 299 रुपये नावे. 17 जुलै, 299 रुपये नावे. 17 जून, 299 रुपये नावे. तीच रक्कम, तीच तारीख, तेच तुटके नाव. चोर असा महिन्याच्या ठरल्या दिवशी ठरलेली रक्कम नेत नाही. तो सापडेल ते नेतो. ठरल्या तारखेस ठरलेली रक्कम जाते, तेव्हा बहुधा ती वर्गणी असते किंवा हप्ता असतो. आणखी मागे 14 जूनला 2 रुपये नावे पडलेले होते आणि त्याच दिवशी 2 रुपये परत जमाही झाले होते. या दोन रुपयांत सगळे गूढ होते.

मुलीला बोलावले. विचारले, “14 जूनला काय केलंस गं?” तिने आठवून आठवून सांगितले. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. दाखल्यांचे फोटो एकत्र करून त्याची पीडीएफ मागितली होती. तिने त्यासाठी एक ॲप घेतले. ॲपवर लिहिले होते, तीन दिवस फुकट. खाली 2 रुपये मागितले. तिने आईचा पिन घातला. पीडीएफ झाली, अर्ज गेला, तिने ॲप काढून टाकले. तिच्या लेखी प्रकरण तेथे संपले.

येथे थोडे थांबून सॉफ्टवेअर म्हणजे काय ते पाहू. फोन हे यंत्र. त्या यंत्राने काय करावे याच्या लिहिलेल्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. ॲप हे त्यातलेच. पूर्वी हा माल एकदा विकत घेतला की आपला होई. आता बहुतेक कंपन्या वर्गणी घेतात. फोटो सजविण्याचे फोटोशॉप तुम्ही लग्नाच्या फोटोवाल्याकडे पाहिले असेल. ते करणाऱ्या अडोबी या अमेरिकन कंपनीने 2013 साली जाहीर केले की यापुढच्या आवृत्त्या वर्गणीनेच मिळतील. मग इतरही त्या वाटेने गेले. वर्गणी वाईट नव्हे. वर्तमानपत्राची आपण भरतोच. पण पेपरवाला महिनाअखेर दारात येऊन बिल देतो, आपण ते पाहून पैसे देतो. येथे पैसे आपोआप जातात, आणि तशी परवानगी आपणच दिलेली असते.

ती परवानगी कशी दिली जाते, ते नीट ऐका. जुलै 2020 मध्ये यूपीआयमध्ये ‘ऑटोपे’ नावाची सोय सुरू झाली. एकदा पिन घालून संमती द्यायची, पुढे ठरल्या तारखेस पैसे जात राहतात. या संमतीला मॅंडेट म्हणतात. जून 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा वर्गणीची मर्यादा वाढवून 15,000 रुपये केली. त्या रकमेपर्यंत दर वेळी पिन विचारत नाहीत. मुलीने पिन घातला तो 2 रुपयांसाठी नव्हता. 2 रुपये केवळ खाते चालू आहे की नाही हे पाहण्यापुरते. पिन पडला तो महिना 299 रुपयांच्या संमतीवर. पडद्यावर रक्कम, किती दिवसांनी कापणार आणि कधीपर्यंत, हे सारे असते. पण 2 रुपये ठळक आणि बाकीचे बारीक. आपल्या आजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला तेव्हा कागदावर काय लिहिले होते ते त्यांना वाचता येत नव्हते. पोरीला वाचता येत होते, तरी तिने वाचले नाही. आम्ही तिला फार दोष देत नाही. अक्षर मुद्दाम बारीक ठेवणारा अधिक दोषी, असे आमचे मत आहे. सरकारलाही ते पटलेले दिसते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी गिऱ्हाइकाला फसविणाऱ्या अशा 13 युक्त्यांना मनाई केली. त्यात वर्गणीचा सापळा, म्हणजे आत घेणे सोपे आणि बाहेर पडणे अवघड, ही एक आहे. त्याविरुद्ध 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आणि ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबत नाही. हे दोनदा सांगतो, कारण येथेच बहुतेक जण फसतात. ॲप काढले तरी वर्गणी चालू राहते. घर सोडले आणि दूधवाल्याला सांगितलेच नाही, तर तो पिशवी दारात टाकतच राहील ना?

मावशींनी विचारले, “पण पैसे जायच्या आधी कुणी सांगायचं का नाही?” सांगायचे. नियमच तसा आहे. पैसे कापण्याच्या निदान 24 तास आधी खातेदाराला तसा संदेश गेला पाहिजे. आम्ही तिघांनी मिळून फोनमधले संदेश धुंडाळले. 16 जून, 16 जुलै, 16 ऑगस्ट. तीनही आलेले होते. इंग्रजीत होते, आणि जाहिरातींच्या शेकडो संदेशांत गाडले गेले होते. मावशी ते कसे वाचणार? मुलीने तेव्हा एक गोष्ट कबूल केली. आई ‘हा संदेश काय म्हणतो बघ गं’ असे म्हणाली की, ती न पाहताच ‘जाहिरात आहे’ म्हणून मोकळी होई.

आता उपाय. ज्या ॲपने आपण पैसे देतो, त्या यूपीआय ॲपमध्ये आपल्या चित्रावर किंवा नावावर बोट ठेवा. आत ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅंडेट’ असे लिहिलेले सापडेल. तेथे आपण दिलेल्या सगळ्या संमत्या रांगेने दिसतात. नको ती उघडून रद्द करावी. मावशींच्या रांगेत तीन होत्या. दोन तर मुलीच्याही ध्यानात नव्हत्या. वर्गणी गूगल प्लेमधून घेतली असेल तर प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रामागे सदस्यत्वांची यादी असते, तेथेही रद्द करावी. अशा वेळी उताऱ्यावर ॲपच्या आधी गूगलचे नाव येते. ॲपलचा फोन असेल तर ‘ॲपल डॉट कॉम’ आणि पुढे ‘बिल’ असे छापून येते. ॲपचे नाव तेथे दिसत नाही, म्हणून ओळ अनोळखी वाटते. दुकानावर पाटी एक आणि बिलावर मालकाचे नाव दुसरे, तसेच हे.

अनोळखी प्रत्येक ओळ ॲपचीच असते असेही नव्हे. मागच्या बाकावरचे काका 436 रुपये कुठे गेले म्हणून बँकेत भांडून आले. ती त्यांनीच सही करून घेतलेली जीवनज्योती विम्याची वर्षाची रक्कम होती. सुरक्षा विम्याचे वर्षाला 20 रुपये जातात. 17 रुपये 70 पैसे अशी चमत्कारिक रक्कम दिसली तर 15 रुपयांवर शेकडा 18 प्रमाणे जीएसटी लावून पाहा, जमते की नाही? मावशींचे 590 म्हणजे 500 आणि 90. पैशांत तुटका आकडा दिसला की बहुधा मूळ आकाराला कर जोडलेला असतो.

परंतु पिन आपण घातला नाही, घरातल्या कुणीही घातला नाही, तारीख नाही, ठराव नाही, आणि पैसे गेले, तर ती चोरी समजा. तेव्हा वर्गाची वाट पाहू नका, आमचीही पाहू नका. लगेच 1930 वर फोन करा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात कळविण्याला किती कामाचे दिवस लागले यावर नुकसान कुणी सोसायचे ते ठरविले आहे. त्यात तीन दिवसांच्या आत कळविणाराची बाजू सर्वांत भक्कम धरली आहे. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. बँकेचा फोन क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून घ्यावा. फोनवर शोधून काढू नये. तेथे ठगांनी आपले क्रमांक बँकेच्या नावाने पेरून ठेवलेले असतात. एक वर्गणी थांबवायला गेलेला माणूस सगळी शिल्लक घालवून बसतो.

मावशींच्या पैशांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. पिन घरातूनच पडला होता, म्हणून बँकेने चोरीची तक्रार मानली नाही. आम्ही कंपनीला त्यांच्याच ॲपमधून लिहिले. ऑगस्टचे 299 रुपये परत आले. जून-जुलैचे 598 आणि दंडाचे 590 गेले ते गेले. मावशींनी त्याच संध्याकाळी कपाटाचे कुलूप काढले. पिन मात्र बदलला, आणि नवा मुलीला सांगितला नाही. आता मुलगी पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवते आणि मावशी स्वतः आकडे दाबतात. वाचताना ती घाई करू लागली तर मावशी म्हणतात, “ते खालचं बारीक पण वाच.”

पुढच्या गुरुवारी प्रत्येकाने पासबुक छापून आणावे. शाखेतले यंत्र बंद असले तर आत जाऊन मागावे. चष्मा विसरू नये. ज्यांच्या घरी भिंग असेल त्यांनी तेही आणावे, अक्षर फार बारीक आहे.